महाग पेट्रोल कुणासाठी?
पंपावर 'साधं की प्रीमियम?' विचारलं की गाडीला जरा चांगलंचुंगलं घालावं म्हणून आपण भुलतो. पण प्रीमियमसोबत मिरवला जाणारा ऑक्टेनचा आकडा म्हणजे पेट्रोलची ताकद नव्हे. दाबाखाली आपोआप पेट घ्यायला ते किती कां-कूं करतं, एवढंच तो आकडा सांगतो. आयसोऑक्टेनला १००, हेप्टेनला शून्य, अशी ही मोजपट्टी. ठिणगीनंतर ज्योत पोचण्याआधीच सिलिंडरमधलं उरलेलं मिश्रण भडकलं, की घाटात वरच्या गिअरला इंजिन खडखडतं. हेच नॉकिंग. टर्बो किंवा जास्त कॉम्प्रेशनच्या इंजिनाला ते लवकर छळतं. मॅन्युअलमध्ये ९१ लिहिलं असेल, तर १०० ऑक्टेनचे जादा पैसे बहुधा धुरातच जातात. ९५ मागणाऱ्या गाडीत ९१ भरलं, तर नॉक सेन्सरमुळे ठिणगी उशिरा पडते; इंजिन वाचतं, पिकअप मात्र पडतो.