वाद चालू द्या, गोळी बंद करू नका

वर्षावासात आमच्या खाप्यातल्या विहारात संध्याकाळी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन असते. गेल्या वर्षी एके दिवशी वाचन संपले, सगळे उठले, पण एक आई मागे बसून राहिली. तिचा चोवीस वर्षांचा मुलगा दोन महिन्यांपासून रात्री झोपत नव्हता. एकटाच बोलायचा. शेजारी जेवणात काहीतरी टाकतात म्हणून ताट सरकवून द्यायचा. (ओळख कळू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

नागपूरच्या सरकारी दवाखान्यातून त्याला गोळ्या सुरू झाल्या होत्या. तीन आठवड्यांत झोप येऊ लागली, तो जेवू लागला. तेवढ्यात घरात वाद पेटला. मुलाचा मामा म्हणाला, "तुमच्या बुढ्यानं देव कन्हानीत सोडले, त्याचंच हे भोगून रायले तुमी. अजूनही येळ गेली नाही, देवीले शांत करा." वस्तीतली आपलीच शिकलेली मुले म्हणाली, "बौद्धाच्या घरी असं व्हायलाच नको. याचं मन कच्चं आहे. दहा दिवस विपश्यनेला पाठवा आणि गोळ्या फेका."

"ताई, मी कोणाचं आयकू?" ती आई मला विचारत होती. या दोघांच्या भांडणात मुलाच्या गोळ्या मात्र बंद झाल्या होत्या.

दोन्ही पक्ष एकमेकांच्या विरुद्ध बोलत होते, पण सांगत एकच होते: आजार हा तुमचा दोष आहे. एकासाठी देव सोडल्याचा दोष, दुसऱ्यासाठी धम्म नीट न पाळल्याचा. आजारी माणूस आधीच स्वतःला दोष देत असतो. त्यावर आपण आणखी ओझे ठेवतो.

माझी चूक

हे मी दुसऱ्यांना शिकवायला निघाले आहे, पण मीही हेच केले आहे. नोकरी सोडून चळवळीत आले, तेव्हा अंगात उत्साह होता. वस्तीत एका बाईच्या अंगात यायचे. मी महिला मंडळाच्या बैठकीत सगळ्यांसमोर तिला बावीस प्रतिज्ञांची आठवण करून दिली. ती काही बोलली नाही. त्यानंतर विहारात यायची बंद झाली.

पुढे कितीतरी महिन्यांनी कळले, तिचे बाळ जन्मल्यावर काही दिवसांत गेले होते. नवरा पिऊन मारायचा. अंगात यायचे तेवढा वेळच घरातले तिच्यापुढे हात जोडायचे, तिचे ऐकायचे. एरवी तिचे ऐकणारे कोणीच नव्हते. मी नर्स. ताप मोजता येतो, नाडी बघता येते. पण तिला मी "झोप लागते का गं?" एवढेही विचारले नाही. प्रतिज्ञा खऱ्याच आहेत, त्या पाळायच्याच आहेत. पण त्या दुखणाऱ्या माणसाला मारायची काठी नाहीत.

देव गेले, भीती राहिली

14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात बाबासाहेबांनी लाखो लोकांना दीक्षा दिली. आपल्या आजोबा-आजींनी घरातले देव नदीत, विहिरीत सोडले. केवढे धैर्य लागले असेल! पण लहानपणी मनात बसवलेली कोपाची भीती मूर्तीबरोबर पाण्यात जात नाही. घरात मूल आजारी पडले, जवान माणूस गेला, की ती वर येते. सोबत नातेवाईक तुटतात, सण तुटतात, गावाचे टोमणे असतात.

हे आपल्यापुरतेच नाही. जगभरात कडक धर्मपंथ सोडणाऱ्यांना रात्री दचकून उठणे, अपराधी वाटणे, आपले कोणी उरले नाही असे वाटणे हे त्रास होतात. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ मार्लीन विनेल यांनी 2011 मध्ये त्याला 'धार्मिक आघात' या अर्थाचे नाव दिले. डॉक्टरांच्या अधिकृत यादीत तो वेगळा आजार म्हणून नाही, पण त्रास खरा आहे. म्हणून ज्याला भीती वाटते त्याला "तू अजून हिंदूच राहिला" असे हिणवू नका. भीती वाटणे म्हणजे धर्म बदलणे नव्हे.

धम्म काय सांगतो?

पटाचाराची कथा आपल्याला ठाऊक आहे. नवरा, दोन लेकरे, आईवडील, भाऊ सगळे गेले आणि ती वेडी होऊन उघड्या अंगाने फिरू लागली. लोक तिला हाकलत होते. बुद्धांनी तिला जवळ येऊ दिले, कोणीतरी अंगावर वस्त्र टाकले. पुढे हीच पटाचारा विनयात निपुण भिक्खुणी झाली. विनयपिटकात गग्ग नावाचा भिक्खू आहे. त्याचे चित्त ठिकाणावर नसायचे. उपोसथाला कधी यायचा, कधी विसरायचा. संघाने त्याला हाकलले नाही. तो आला काय आणि न आला काय, त्याला दोष लागणार नाही, असे संघाने ठरवले. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या संघाला जे समजले, ते आपल्या वस्तीला समजायला हरकत नाही.

"मागच्या जन्माचं पाप" हे बोलणेही आपल्याकडे अजून ऐकू येते. गेल्या जन्मीच्या कर्माने या जन्मीचे दुःख ठरते, ही कल्पना बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथात नाकारली आहे. आणि खुद्द बाबासाहेबांना मधुमेह होता, ते इन्सुलिन घेत. माईसाहेब स्वतः डॉक्टर होत्या, त्यांच्या औषधपाण्याकडे लक्ष देत. बाबासाहेबांच्या इन्सुलिनला आपण श्रद्धेची कमतरता म्हणत नाही, मग मेंदूच्या गोळीला का म्हणतो?

विपश्यना आणि औषध

ध्यानाने अनेकांना बरे वाटते, मी स्वतः बसते. पण गोएंका गुरुजींच्या परंपरेतील केंद्रेच सांगतात की गंभीर मानसिक आजार असलेल्यांनी दहा दिवसांच्या शिबिराला येऊ नये. अर्जात तशी माहिती विचारतात, ती लपवू नका. ज्याला आवाज ऐकू येतात त्याला दहा दिवस मौनात बसवले तर आजार वाढू शकतो. आधी डॉक्टर, आजार आटोक्यात आल्यावर डॉक्टरांना विचारून ध्यान.

गोळ्यांबद्दलही ऐका. उदासीच्या आजारातल्या गोळ्यांचा गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. चार दिवसांत फरक नाही म्हणून सोडू नका, आणि बरे वाटले म्हणून एकदम बंद करू नका. जास्त झोप, तोंड कोरडे पडणे, वजन वाढणे असे त्रास झाले तर डॉक्टरांना सांगा, ते गोळी बदलतात.

कारण शोधा

दुःखाचे कारण शोधणे हाच धम्म. थायरॉईडचा बिघाड, बी-12 ची कमतरता, मिरगी, दारू, बाळंतपणानंतरचे बदल यांनीही माणूस वेगळा वागू लागतो. आपल्या भागात मॅंगनीजची खाण आहे. मॅंगनीजची धूळ वर्षानुवर्षे जास्त प्रमाणात छातीत गेली, तर चिडचिड, विचित्र वागणे, हातपाय कापणे, चाल बिघडणे असे होऊ शकते, हे वैद्यकशास्त्राला फार पूर्वीपासून माहीत आहे. इथे कोणाला तसे झाले असे मी म्हणत नाही. पण खाणीत काम केले असेल तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगा. भगत हे विचारणार नाही. आणि जातीचा अपमान, बेकारी, कर्ज यांनीही मन खचते, हे आपल्याला कोणी सांगायला नको.

हे दिसले तर थांबू नका

● दोन आठवड्यांपेक्षा जास्त झोप, भूक, कामातला रस जाणे. सतत रडू येणे.
● नसलेले आवाज ऐकू येणे, सगळ्यांवर संशय.
● बाळंतिणीला झोप न येणे, असंबद्ध बोलणे, बाळाबद्दल विचित्र बोलणे. हे त्याच दिवशी दाखवायचे.
● "मी नसतो तर बरं" असे बोलणे. हे नाटक समजू नका. एकटे सोडू नका, फवारणीचे औषध आणि उंदराचे विष कुलुपात ठेवा.

टेलि-मानसचा 14416 हा सरकारी नंबर फुकट आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येते. जीव धोक्यात असेल तर 108. नागपूरचे प्रादेशिक मनोरुग्णालय छिंदवाडा रोडवरच आहे, आपली सावनेरची एसटी त्याच रस्त्याने जाते. कंडक्टरपासून सगळे त्या चौकाला 'पागलखाना चौक' म्हणतात, म्हणून तिथे उतरायची लाज वाटते. शुगर तपासायला जाताना आपण लाजत नाही, इथेही लाजू नका.

कायदाही लक्षात ठेवा. भूत उतरवायच्या नावाखाली बांधणे, मारणे, चटके देणे हा महाराष्ट्रात 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. सहा महिने ते सात वर्षे शिक्षा आहे. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने मनोरुग्णाला साखळीने बांधायला मनाई आहे. तो कायदा आपल्या घरातल्या साखळीलाही लागू आहे.

त्या आईला मी एवढेच म्हटले, "वाद दोघांना करू दे. गोळी तुझ्या हातात ठेव." आम्ही दोघी मुलाला घेऊन पुन्हा दवाखान्यात गेलो. आता तो विहारात येतो, मागच्या भिंतीला टेकून बसतो. कधी वाचनाच्या मध्येच उठून जातो, कोणी काही म्हणत नाही. मामा अजून देवीचेच सांगतो. पोरे अजून त्याच्याशी भांडतात. परवा त्यांच्या अंगणात असाच वाद रंगला होता. ती आई उठली आणि म्हणाली, "बोला तुमी आरामात. नऊ वाजले, त्याले गोळी देऊन येतो मी."

जय भीम!