कप्पी काम वाचवते का?

‘कप्पीमुळे कार्य कमी होते’ असे मुले सर्रास लिहितात, आणि आपण गुणही देतो! 10 किलोग्रॅमची भरलेली घागर उचलायला सुमारे 98 न्यूटन बल लागते. विहिरीवर अचल कप्पी बसवली तरी तेवढेच, किंबहुना घर्षणामुळे थोडे जास्तच. सोपे वाटते ते दोर खाली ओढायचा असतो म्हणून. आपले वजनच मदतीला येते.

बल निम्मे हवे, तर कप्पी घागरीबरोबर वर चढणारी हवी. मात्र घागर 1 मीटर चढवायला दोर 2 मीटर ओढावा लागतो. 98×1 काय आणि 49×2 काय, कार्य 98 ज्यूलच.

वर्गात अशा चल कप्पीला 1 किलोग्रॅम वजन टांगून तानकाटा लावा. तो 4.9 न्यूटनपेक्षा जास्तच दाखवील. का, ते मुलांनाच शोधू द्या.