लाखाच्या गर्दीची मैदाने

भारतीय उपखंडातले सर्वांत मोठे स्टेडियम आज अहमदाबादच्या मोटेऱ्यात आहे. २०२० मध्ये ते नव्याने उभे राहिले, तेव्हा त्यात १ लाख ३२ हजार आसने बसवली होती. पण उपखंडातल्या लाखाच्या गर्दीचे खरे घर कोलकाता.

१९६७ च्या पहिल्याच दिवशी ईडन गार्डन्सवर वेस्ट इंडिजविरुद्धच्या कसोटीला जागेपेक्षा कितीतरी जास्त लोक आले. ते सीमारेषेपर्यंत ओसंडले, लाठ्या चालल्या, जाळपोळ झाली आणि त्या दिवशीचा खेळ होऊच शकला नाही. १९८० च्या ऑगस्टमध्ये तिथेच मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांच्या फुटबॉल सामन्यात १६ प्रेक्षक प्राणास मुकले. चार वर्षांनी कोलकात्यातच सॉल्ट लेकचे प्रचंड स्टेडियम खुले झाले. १३ जुलै १९९७ रोजी हेच दोन संघ फेडरेशन चषकाच्या उपांत्य सामन्यात तिथे भिडले, तेव्हा १ लाख ३१ हजारांहून अधिक माणसे हजर होती. बायचुंग भुतियाची हॅट्‌ट्रिक आणि ईस्ट बंगालचा ४-१ विजय त्यांनी पाहिला, तो सिमेंटच्या पायऱ्यांवर खांद्याला खांदा लावून.

पुढे खुर्च्या आल्या आणि आकडे उतरले. ईडन आणि सॉल्ट लेक, दोन्हींची क्षमता सत्तर हजारांच्या आत आली. २०११ च्या विश्वचषकासाठी मुंबईचे वानखेडे ३३ हजारांवर आले. जुन्या गर्दीची आठवण काढून हळहळणारे रसिक भेटतात. मला मात्र काठमांडूचे दशरथ रंगशाला स्टेडियम आठवते. १२ मार्च १९८८ रोजी फुटबॉलचा सामना चालू असताना गारपीट सुरू झाली, लोक बाहेर धावले आणि बंद दारांशी चेंगरून ९० हून अधिक जण गेले. त्यानंतर नुसत्या आकड्याचे कौतुक करवत नाही.

लाहोरच्या गद्दाफी स्टेडियमचे दुःख वेगळे. १९९६ चा विश्वचषक अंतिम सामना पाहिलेल्या या मैदानाकडे निघालेल्या श्रीलंकेच्या संघावर ३ मार्च २००९ रोजी हल्ला झाला आणि परदेशी संघ यायचेच थांबले. २०१५ मध्ये झिम्बाब्वे आला, तेव्हा लाहोरकरांनी स्टेडियम भरून टाकले. २०२५ च्या चॅम्पियन्स करंडकाआधी त्याचे नूतनीकरण झाले, आणि त्याच स्पर्धेत ऑस्ट्रेलियाने इंग्लंडच्या साडेतीनशेहून अधिक धावांचा तिथे यशस्वी पाठलाग केला.