आडनावातला ‘कर’

२०२५ च्या मे महिन्यातली गोष्ट. दांडिया बाजारातल्या माझ्या लहानशा वर्गात वीस मुले गाणे शिकतात. त्यांत एक दहा वर्षांचा बंगाली मुलगा आहे. वडील मांडवीकडे सोन्याचे दागिने घडवणारे कारागीर. मुलाचा गळा गोड, सुराला पक्का; फक्त ‘सा’ लावताना तो ‘शा’ म्हणतो आणि बाकीची पोरे हसतात. एका संध्याकाळी एका विद्यार्थिनीच्या आईने मला जिन्यात गाठून हळूच विचारले, “गुरुजी, तो मुलगा तिकडचा तर नाही ना?”

‘तिकडचा’ म्हणजे कुठला, हे मला विचारावे लागले नाही. एप्रिलमध्ये पहलगामचे हत्याकांड झाले होते. त्यानंतर थोड्याच दिवसांत अहमदाबाद आणि सुरतेत एका पहाटे हजाराहून अधिक माणसे बांगलादेशी असल्याच्या संशयावरून ताब्यात घेतली गेली. आपल्या शहरातही चौकशा झाल्या. पानाच्या गादीपासून लग्नाच्या पंगतीपर्यंत तोच विषय होता.

मी त्या बाईंना म्हणायला हवे होते की, अहो, मी गाणे शिकवतो. ते न म्हणता दुसऱ्या दिवशी मुलाला सांगितले, “बाबांना म्हणावं, एकदा कागदपत्रं घेऊन भेटून जा.” बाकीच्या एकोणीस मुलांपैकी एकाच्याही घरचा कागद मी आजवर मागितला नव्हता.

गृहस्थ आले. प्लास्टिकच्या पिशवीतून एकेक कागद काढून त्यांनी तानपुऱ्यापुढे मांडला. आधार कार्ड, मतदाराचे ओळखपत्र, शाळेचा दाखला आणि आजोबांच्या नावची, घड्यांवर फाटलेली जमिनीची पावती. ती बंगालीत होती. मला बंगालीचे एक अक्षर येत नाही. तरी मी ती समजल्यासारखी मान हलवून पाहिली. त्या मान हलवण्याची आजही लाज वाटते.

माझे वडील दरबारच्या कलावंत कारखान्यात पखवाजी होते. संस्थान १९४९ मध्ये मुंबई राज्यात विलीन झाले तेव्हा ते ऐन पंचविशीच्या आत होते. मी त्यांचे उतारवयातले अपत्य. ते सांगत, कारखान्याच्या हजेरीपटावर बडोद्याचा म्हणावा असा माणूस शोधावा लागे. १८८६ मध्ये इथे गायनशाळा काढणारे मौलाबक्ष उत्तरेकडचे, म्हैसूरला राहून दाक्षिणात्य संगीत शिकलेले. फैयाज खाँ आग्र्याचे. १८८० मध्ये तंजावरची राजकन्या महाराणी चिमणाबाई होऊन आली, तिच्याबरोबर तमिळ नर्तकी आणि त्यांचे गुरू आले. त्यांच्याच वंशातले कुबेरनाथ पुढे विद्यापीठात भरतनाट्यम शिकवीत. आडनाव लावीत तंजोरकर. अब्दुल करीम खाँ किराण्याचे, काही काळ इथल्या दरबारी होते. त्यांची कन्या जन्मली मिरजेला, आणि उभ्या महाराष्ट्राने तिला ओळखले ते हिराबाई बडोदेकर म्हणून.

हा ‘कर’ कोणत्या कचेरीने दिला? कोणत्याच नाही. माणूस राहतो, राबतो, त्याची मुले इथल्या मुलांबरोबर भांडतात आणि खेळतात. मग एके दिवशी तो ‘कर’ त्याला आपोआप चिकटतो.

हे सारे मी शेजारच्या वकिलांना ऐकवले. ते हसले. “गुरुजी, गल्लत करताय. तुमचे ते खाँसाहेब बोलावून आले. हे चोरून येतात.”

वकीलसाहेबांचे म्हणणे मी मान्य करतो. कोण यावे आणि कोणी राहावे हे ठरवण्याचा हक्क राज्याचा आहे, आणि खोटे कागद विकणाऱ्यांची गय होऊ नये. आसामची माणसे १९७९ पासून सहा वर्षे रस्त्यावर होती ती उगाच नव्हेत. आपली भाषा आपल्याच भूमीत पाहुणी होईल, ही त्यांची भीती खरी होती. तीनशे वर्षे गुजरातेत राहून घरात मराठी जपणाऱ्या आपण तरी तिला हसू नये.

पण हेही विसरू नये की पिलाजीराव गायकवाडांचे घोडे दावडीहून गुजरातेत आले ते कोणाचे आमंत्रण घेऊन नव्हे. १७३४ मध्ये बडोदे गायकवाडांच्या हाती कायमचे आले ते तलवारीने. इथल्या गुजराती माणसाने आपल्याला सोसले, मग स्वीकारले, तेव्हा कुठे आपण ‘जुनी मंडळी’ झालो.

माझे म्हणणे एवढेच की प्रश्न दोन आहेत आणि आपण त्यांचा एक करून टाकला आहे. हा माणूस कोणत्या कागदावर इथे आहे, हा पहिला. त्याचे उत्तर सरकारने व न्यायालयाने द्यावे. हा माणूस आपल्यात मिसळतो का, हा दुसरा. त्याचे उत्तर आपल्या वागण्यावरही अवलंबून असते. बोलण्याच्या ढंगावरून पहिल्याचा निवाडा करायला गेले की चुकीचा माणूस सापडतो. जून २०२५ मध्ये बीरभूमच्या एका गरोदर बाईला दिल्लीतून पकडून सीमेपार धाडण्यात आले. कलकत्ता उच्च न्यायालयाने सप्टेंबरात तिला परत आणण्याचा हुकूम दिला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि डिसेंबरात ती परतली. आपण परदेशी नाही हे सिद्ध करण्याचे ओझे कायद्याने त्या माणसावरच टाकले आहे. ज्याच्याजवळ फाटकी पावती आहे तो थरथरतो. ज्याने बनावट कागद विकत घेतला आहे तो मात्र बेधडक दाखवतो.

कायद्याला दार असते, तेही आपण पाहिले आहे. बडे गुलाम अली खाँ फाळणीनंतर पाकिस्तानात होते. तिथे मन रमले नाही, परत आले, आणि मोरारजी देसाईंच्या साहाय्याने १९५७ मध्ये रीतसर भारताचे नागरिक झाले. आपले बडोदे तेव्हा मुंबई राज्यातच होते. त्या कागदाने खाँसाहेब भारतीय झाले. पण रसिकांनी त्यांना आपले म्हणायला त्या कागदाची वाट पाहिली नव्हती.

तेव्हा जुन्या मंडळींना माझी विनंती आहे. कोणाविषयी खरोखर शंका असेल तर ती जिथे सांगायची तिथे नाव देऊन सांगावी. जिन्यातली कुजबुज कोणत्याही घुसखोराला पकडत नाही. ती दहा वर्षांच्या पोराला मात्र बरोबर ऐकू जाते.

तो मुलगा अजून येतो. मी त्याच्या वडिलांची क्षमा मागितली. ते “ठीक आहे, मास्टरमोशाय” एवढेच म्हणाले. मुलाचा ‘सा’ आता अगदी स्वच्छ लागतो. फक्त पूर्वी तो मोकळ्या गळ्याने लावी, आता दबून लावतो. हा दोष रियाजाने जाणारा नाही, आणि तो त्याचाही नाही.