एकटीनं व्हिएन्ना? बिनधास्त जा!

मैत्रिणींनो, एकटीच्या पहिल्या युरोपवारीसाठी माझं मत व्हिएन्नाला! इथल्या नगररचनेत १९९०च्या दशकापासून बायकांच्या गरजांचा वेगळा विचार होतोय: रुंद फुटपाथ, उजळ रस्ते, चारही बाजूंनी नजर पोचेल अशा बागा.

🚇 शुक्रवारी-शनिवारी मेट्रो रात्रभर धावते. स्टेशनवर अडवणारं फाटक नाही, पण कागदी तिकिटावर मशीनचा शिक्का मारायला विसरू नका. नाहीतर दंड बसतो.
☕ जुन्या कॅफेत एका कॉफीवर तासन्‌तास बसा, कुणी उठवत नाही.
🎭 स्टेट ऑपेरात उभ्यानं पाहायची तिकिटं स्वस्तात मिळतात.
💧 नळाला आल्प्समधल्या झऱ्यांचं पाणी येतं. बाटली घरूनच न्या.

गर्दीत पर्स पोटाशी धरा. अडचण आलीच तर ११२ला फोन करा.