मालेगावच्या माणसाने मालेगावात राहून शिकावे

यंत्रमागांच्या मालेगावात ‘कुत्ता गोळी’ म्हणजे काय, हे वेगळे सांगावे लागत नाही. ही अल्प्राझोलामची गोळी. तिचे मूळ काम चिंता आणि घबराट शमवण्याचे, आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकायला मनाई आहे. नशेसाठी घेता घेता सवय जडलेल्या मुलाची गोळी घरच्यांनी रागाच्या भरात एकदम बंद केली, तर त्याला फिट येऊ शकते, प्रसंगी जिवावरही बेतते. मात्रा हळूहळूच उतरवावी लागते. हे घरच्यांना वेळेत बजावणारा जाणकार गावातच हवा. पण अशी माणसे फार थोडी. एम्सने केंद्र सरकारसाठी केलेल्या, २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला काही उपचार मिळतात.

म्हणूनच व्यसनोपचाराचे पदव्युत्तर शिक्षण ऑनलाइन मिळणे मला फार मोलाचे वाटते. पडद्यावर रुग्ण कसा कळणार, हा आक्षेप रास्त आहे. पण बंगळूरच्या निम्हान्सने वापरलेल्या ‘इको’ पद्धतीत शिकणारा स्वतःच्याच रुग्णाची हकीगत तज्ज्ञांपुढे मांडतो आणि पुढच्या खेपेला काय झाले तेही सांगतो. रुग्ण समोरच असतो, दूर असतात ते गुरू. तरी तेवढ्याने भागणार नाही. १९८६ पासून चालणाऱ्या पुण्याच्या मुक्तांगणसारख्या व्यसनमुक्ती केंद्रात काही आठवडे प्रत्यक्ष काम सक्तीचे हवे. त्यावाचून पदवी देऊच नये. मग सरळ पुण्यालाच जाऊन का शिकू नये? कारण नोकरी आणि घर सोडून दोन वर्षे बाहेर राहणे इथल्या परिचारिकेला परवडत नाही, आणि तोवर तिचे रुग्ण कोणाकडे जाणार?