पेढी, गोदाम आणि संगणक

नागपूरच्या जुन्या वस्तीत वारांची नावे धारण करणारे अनेक भाग आहेत. मंगळवारी, बुधवारी, शुक्रवारी, इतवारी ही त्यांपैकी काही. व्यापाराच्या दृष्टीने त्यांत इतवारीचा मान मोठा. किराणा, लोखंड, भांडी, सोने-चांदी अशा एकेका मालाची येथे स्वतंत्र ओळ आहे, आणि सकाळपासून हातगाड्या व हमाल यांची तेथे एकच वर्दळ असते. घाऊक व्यापाऱ्याच्या, म्हणजे तिकडच्या बोलीत ठोक व्यापाऱ्याच्या, दुकानी पूर्वी गादीपुढे लाल वह्यांची चवड दिसे. आता त्या जागी संगणक आला आहे. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाला, तेव्हापासून तर लहान पेढीलाही त्यावाचून चालेनासे झाले. दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या दिवशी अनेक ठिकाणी वहीशेजारी या यंत्रालाही हळदकुंकू वाहिले जाते.

परंतु सात-आठ वर्षे लोटली की हेच यंत्र अडू लागते. सकाळी ते सुरू होऊन कामास लागेपर्यंत चहा पिऊन होतो. गिऱ्हाईक दारात उभे, हमालाच्या पाठीवर पोते आणि बिलाचा कागद काही निघत नाही! मग मालक म्हणतो, “यंत्र म्हातारे झाले, नवे आणावे.”

हे अनुमान घाईचे आहे. बैल वयाने थकतो, तसा संगणकातील प्रोसेसर थकत नाही. विकत घेतला त्या दिवशी तो ज्या वेगाने बेरजा करी, त्याच वेगाने तो आजही करतो. बदलते ते त्याच्यावरील काम. आज्ञावल्या दरवर्षी अधिक जड होत जातात आणि हिशेबांची खतावणी फुगत जाते. म्हणून संगणक मंद झाला की आधी शोधावयाचे ते हे, की तो नेमका कोणत्या ठिकाणी खोळंबतो आहे.

त्यासाठी संगणकाच्या पोटात काय असते ते पाहू. प्रत्येक पेढीला दोन जागा लागतात. एक गादीपुढची बैठक. हाताशी हवे तेवढेच जिन्नस आणि कागद येथे असतात. दुसरे मागच्या गल्लीतील गोदाम; तेथे सगळा माल भरलेला असतो. संगणकातही तसेच आहे. चालू कामापुरती माहिती ज्या जागी मांडली जाते, तिला रॅम किंवा मेमरी म्हणतात. कायमचा साठा राहतो तो हार्ड डिस्कमध्ये.

या दोहोंची घडण अगदी भिन्न आहे. रॅममध्ये विजेचा अत्यल्प भार धरून ठेवणाऱ्या कोट्यवधी सूक्ष्म कोठ्या असतात. त्या पाझरणाऱ्या माठासारख्या आहेत. त्यांतील भार आपोआप निघून जातो, म्हणून सेकंदातून सुमारे पंधरा-सोळा वेळा तो पुन्हा भरावा लागतो. वीज गेली की सारे रिते! मुनिमाने न जतन केलेले बिल दिवे जाताच नाहीसे होते, ते याच कारणाने. अशा कोठ्यांची कल्पना अमेरिकेतील रॉबर्ट डेनार्ड यांनी १९६६ साली मांडली.

हार्ड डिस्कमध्ये चुंबकीय लेप दिलेल्या गुळगुळीत चकत्या असतात. त्या मिनिटाला बहुधा ७,२०० वेळा फिरतात आणि त्यांच्यावरून एक इवलासा वाचक-लेखक सरकत असतो. त्याच्यात आणि चकतीत केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाहूनही कमी अंतर असते. येथील अक्षरे वीज गेली तरी राहतात. पण हवे ते ठिकाण गाठण्यासाठी वाचकाला सरकावे लागते आणि चकती फिरून येण्याची वाट पाहावी लागते. या खटाटोपात सेकंदाचा सुमारे ऐंशीवा भाग जातो. रॅममधून तीच वस्तू सेकंदाच्या सुमारे एक कोटीव्या भागात मिळते.

या संख्या इतक्या लहान आहेत की त्यांतील अंतर सहसा ध्यानी येत नाही. म्हणून त्या ताणून मोठ्या करून पाहू. बैठकीवरचा कागद उचलण्यास मुनिमाला एक सेकंद लागतो असे धरले, तर त्याच प्रमाणात हार्ड डिस्करूपी गोदामातून एक कागद आणण्यास सव्वा लाख सेकंद, म्हणजे जवळजवळ पस्तीस तास लागतील. तेवढ्या वेळात तो इतवारीतून निघून साठ किलोमीटरवरच्या भंडाऱ्याला, वाटेत न थांबता, पायी जाऊन परत येईल!

बैठक अपुरी पडली म्हणजे खरी आपत्ती येते. रॅम भरली की संगणक तिच्यातील काही मजकूर हार्ड डिस्कवर नेऊन ठेवतो व लागेल तसा परत आणतो. बिचाऱ्या मुनिमाच्या भंडाऱ्याच्या खेपा सुरू होतात. पेटीतून सतत खरखर ऐकू येते, ती या खेपांची.

यावर उपाय दोन. बैठक मोठी करावयाची, म्हणजे रॅम वाढवावयाची. आणि गोदाम जवळ आणावयाचे, म्हणजे हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी नावाचा नव्या जातीचा साठा बसवावयाचा. एसएसडीमध्ये फिरणारा एकही भाग नाही. सारा मजकूर चिपमध्येच राहतो. वरच्या मापाने तेथून कागद आणण्यास सोळा-सतरा मिनिटे पुरतात. गोदाम भंडाऱ्याहून शेजारच्या ओळीत आले, असेच म्हणावयाचे!

आजच्या मुलांना आठ गिगाबाइटची रॅम साधी वाटते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली भारतीय शास्त्रज्ञांनी बांधलेला ‘टिफ्रॅक’ हा संगणक कार्यान्वित झाला. १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याला ते नाव दिले. त्याच्या स्मृतीत प्रत्येकी ४० बिटांचे २,०४८ शब्द मावत, म्हणजे अवघे दहा किलोबाइट. आठ गिगाबाइटची बोटभर रुंदीची पट्टी त्याच्या आठ लाख पटींहून अधिक धारण करते. एवढ्या तुटपुंज्या बैठकीवर त्या लोकांनी शास्त्रीय गणिते सोडविली, हे नवलच होय.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. पेटी उघडण्यापूर्वी एक काम अवश्य करावयाचे. ते म्हणजे सर्व हिशेबांची दुसरी प्रत काढणे. वस्तू व सेवा कराच्या कायद्याप्रमाणे वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने हिशेब जपून ठेवणे व्यापाऱ्याला बंधनकारक आहे. शिवाय कोणाकडून किती येणे आहे, हेही त्यातच असते. ते गेले तर कोणत्या तोंडाने मागावयाचे? प्रत काढली एवढ्यावर न थांबता ती दुसऱ्या संगणकावर उघडून गेल्या वर्षाची अखेरची शिल्लक जुळते की नाही ते पाहावे. न उघडलेल्या प्रतीचा भरवसा धरू नये.

नंतर मदरबोर्डला कोणत्या पिढीची आणि जास्तीत जास्त किती रॅम चालते ते पाहून घ्यावे. डीडीआर-३, डीडीआर-४ व डीडीआर-५ या पट्ट्यांच्या कडेला असलेली खाच निरनिराळ्या जागी असते. म्हणून एका पिढीची पट्टी दुसरीच्या खोबणीत बसत नाही. जोर करून बसविणारा तिचा नाश मात्र करतो. संगणकाची मूळ प्रणाली ३२ बिटांची असेल, तर चार गिगाबाइटपलीकडची रॅम बहुधा निरुपयोगी पडते. आणि प्रोसेसरच फार जुना असून नव्या आज्ञावल्यांना तो चालत नसेल, तर या दुरुस्तीवर पैसा घालण्यात अर्थ नाही. तेथे मालकाचेच म्हणणे बरोबर ठरते.

वीज बंद करून तार काढावी आणि सुरू करण्याचे बटन एकदा दाबावे, म्हणजे आत उरलेला भार निघून जातो. मग पेटीच्या लोखंडाला हात लावावा. नागपूरच्या कोरड्या हवेत हिवाळ्यात लोकरी कपडा काढताना चटचट ठिणग्या उडतात, हे सर्वांना ठाऊक आहे. ठिणगी जाणवते तेव्हा अंगावर काही हजार व्होल्ट असतात. चिपला इजा होण्यास याहून पुष्कळच कमी पुरतात. लोखंडाला स्पर्श होताच तो भार निघून जातो.

किराणा ओळीतील संगणकाच्या पेटीत हळद, मिरची आणि पिठाची धूळ साचलेली आढळते. ती या निमित्ताने ब्रशने झाडावी. रॅमची जुनी पट्टी काढल्यास कारागीर तिचे सोनेरी दात साध्या खोडरबराने हलकेच पुसतात. पुष्कळदा तेवढ्यानेही अडलेला संगणक चालू होतो. नवी पट्टी खाच जुळवून दोन्ही टोकांवर सारखा दाब देत बसवावी. कडेचे चाप ‘खट्’ आवाज करून मिटले की ती बसली. एसएसडीला दोन तारा जोडावयाच्या, एक माहितीची व एक विजेची. जुन्या डिस्कवरील मजकूर जसाच्या तसा नव्या साठ्यावर उतरवून देणाऱ्या आज्ञावल्या मिळतात. त्यामुळे मुनिमाला सर्व काही ओळखीच्या जागीच सापडते. यंत्र सुरू झाल्यावर त्याने रॅम पूर्ण मोजली की नाही तेवढे पाहावे.

राहता राहिली जुनी हार्ड डिस्क. ती रद्दीवाल्याला देऊ नये. संगणकात मजकूर पुसला म्हणजे बहुधा केवळ अनुक्रमणिकेतील नोंद जाते. चकतीवरील अक्षरे तशीच राहतात आणि जाणत्याला ती वाचता येतात. ती चांगली चालत असेल, तर डबीत घालून पेढीपासून दूर, घरच्या कपाटात हिशेबाची तिसरी प्रत म्हणून ठेवावी. बिघडली असेल, तर तिच्या चकत्या मोडून मगच ती ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राच्या स्वाधीन करावी.